घरी प्रोजेक्टर घेताय? आधी अडॅप्टर आणि लेबल बघा, मग चित्र बघा

लेन्सवाला_लक्ष्मीपुरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझं काम प्रोजेक्टर दुरुस्तीचं, इथं कोल्हापुरात. पूर्वी शाळा, कॉलेजं, मंगल कार्यालयं एवढंच गिऱ्हाईक असायचं, आता घरातलीच मशीनं जास्त येतात, कारण ऑनलाइन पाच-सहा हजारापासून मिळायला लागलीत आणि भिंतीवर शंभर इंची चित्र म्हटल्यावर कुणाला नको वाटतंय. घ्या की. मी स्वतः ह्याच धंद्यातला, घेऊ नका असं कशाला म्हणीन. पण बेंचवर मशीन उघडलं की आत जे दिसतं त्यानं काळजी वाटते म्हणून लिहायला बसलोय.

गिऱ्हाईक विचारतं काय, तर फोरके आहे का, किती ल्युमेन्स (म्हणजे उजेड किती), मोबाईल जोडता येतो का. अडॅप्टरवर काय छापलंय हे कुणी बघत नाही. आणि घराला आग लागायची, शॉक बसायचा जो काही धोका आहे तो बहुतेक तिथंच बसलेला असतो.

आपल्याकडं इलेक्ट्रॉनिक्स मालाच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली निघाला, अंमल २०१३ पासून सुरू झाला, पुढं यादी वाढत गेली. त्या यादीत पॉवर अडॅप्टर आहेत, मग तो कॉम्प्युटरच्या जातीच्या मालाचा असो की ऑडिओ-व्हिडिओच्या. पॉवर बँक आहे, लिथियमचे सेल पण आहेत. म्हणजे बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणीशिवाय असला अडॅप्टर बनवता येत नाही, आणता येत नाही, विकता येत नाही. नोंदणी असली की त्यावर बीआयएसची खूण, वर आयएस नंबर (भारतीय मानकाचा क्रमांक) आणि खाली इंग्रजी आर, मग आठ आकडे. जुन्या मालावर आयएस १३२५२ किंवा आयएस ६१६ दिसेल, नव्यावर आयएस/आयईसी ६२३६८, कारण त्या दोन्हींच्या जागी आता हे एकच मानक आलंय. मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप घ्या, त्यात आर नंबर टाकून बघायची सोय आहे, कारखान्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी चालू आहे का संपली ते दिसतं.

नुसता आकडा छापलाय म्हणून विश्वास ठेवू नका, टाकून बघा. दुसऱ्याच कंपनीचा नंबर छापलेले अडॅप्टर मी बघितलेत. एक तर असा होता की नंबर मोबाईल चार्जरचा आणि छापलाय ६५ वॅटच्या अडॅप्टरवर. आत उघडला तर २३० व्होल्टची बाजू आणि खालच्या व्होल्टेजची बाजू ह्यात अंतरच नव्हतं म्हटलं तरी चालेल, सोल्डरचा एक थेंब जास्त पडला असता तर एचडीएमआय वायरीपर्यंत (लॅपटॉप, सेट टॉप बॉक्स जोडायची वायर) लाईट आली असती. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाव बदलून तोच माल दुसऱ्या खोक्यात येतो त्यामुळं नावाचा उपयोग पण नाही.

सीई छापलंय म्हणून लोक निवांत होतात. ती युरोपातली खूण, बऱ्याचशा मालाला उत्पादकच स्वतःच्या जबाबदारीवर लावतो आणि आपल्या कायद्यात तिला काही अर्थ नाही. एफसीसी अमेरिकेचं. आपल्याला बघायचंय ते बीआयएस.

बाकी डोळ्यांचा विषय, दिव्याचा विषय, बोलू खाली. विचारा काय विचारायचं ते.

शाहूपुरीकर

चांगला धागा. मला नेमकं डोळ्यांचंच विचारायचंय. मुलगी तीन वर्षांची आहे, भावानं लेझरवाला प्रोजेक्टर घेतलाय, तो भिंतीला अगदी लागून टेबलावर ठेवायचा असतो तसला. ही जाते आणि वरून वाकून आत बघते कुठनं उजेड येतोय ते. विसर्जन मिरवणुकीत लेझरनं डोळे गेल्याच्या बातम्या आपल्याकडंही आलेल्या, मग लेझरवर बंदीचे आदेश पण निघाले. घरात तेच आणून ठेवलंय का आम्ही? बायको म्हणते परत दे.

दृष्टी_ताराबाईपार्क

मी डोळ्यांच्या क्षेत्रातच काम करते म्हणून लिहिते. @शाहूपुरीकर, दोन्ही लेझर एक नाहीत. मिरवणुकीतला लेझर म्हणजे पसरत नाही असा बारीक झोत, पन्नास फुटांवर पण तेवढीच ताकद एका ठिपक्यात, तो डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यबिंदूवर पडला तर तिथं जळतं, रक्तस्राव होतो, आणि गेलेली मधली नजर पुरती परत येईल याची खात्री देता येत नाही. घरातल्या प्रोजेक्टरमध्ये लेझर असला तरी त्याचा प्रकाश आत फॉस्फरवर (लेझर पडला की चमकणारा लेप) पडून किंवा डिफ्यूजरमधून (उजेड पसरवणारी काच) पसरून लेन्समधून बाहेर येतो, त्यामुळे भिंतीवरचं चित्र बघायला काहीही धोका नाही, तुम्ही बघताय तो भिंतीवरून परतलेला उजेड.

पण लेन्समध्ये डोळा घालून बघणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी आयईसी ६२४७१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचा पाचवा भाग, २०१५ चा, खास प्रोजेक्टरसाठी केलाय. त्यात धोक्याचे गट पाडलेत. सगळ्यात खाली सूट असलेला गट, मग आरजी (रिस्क ग्रुप) १, आरजी २, आरजी ३, आकडा वाढेल तसा धोका जास्त. घरातले उजळ प्रोजेक्टर सहसा आरजी २ पर्यंत असतात आणि त्यावर झोताकडे टक लावून बघू नका अशी सूचना छापलेली असते. आरजी २ मध्ये गृहीत काय धरलंय, तर माणूस उजेडानं दिपला की पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा मान फिरवतो, तेवढ्यात इजा होत नाही. आरजी ३ ला क्षणभर बघणं पण धोक्याचं, ते थिएटर आणि मोठ्या कार्यक्रमांसाठी, घरात आणायचेच नाहीत.

आता तीन वर्षांचं मूल मान फिरवेलच असं नाही, त्याला गंमत वाटते, ते मुद्दाम परत परत बघतं. शिवाय लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा नितळ असतं, निळा उजेड जास्त आत जातो. म्हणून मुलीला तिथं वाकू देऊ नका एवढं नक्की.

लेन्सवाला_लक्ष्मीपुरी

ताईंनी नीट सांगितलं. @शाहूपुरीकर परत द्यायची गरज नाही. भिंतीजवळ ठेवायच्या बऱ्याच मशीनमध्ये कोणी जवळ आलं की उजेड कमी करणारा सेन्सर असतो, सेटिंगमध्ये डोळ्यांच्या सुरक्षेच्या नावानं सापडेल, तो बंद केलेला असेल तर चालू करा. काही लोक चित्र सारखं मंद होतंय म्हणून बंद करून टाकतात. आणि टेबल उंच घ्या, किंवा कडेनं असं काहीतरी ठेवा की पोरीचं डोकं लेन्सच्या वर पोचणारच नाही. मशीनच्या मागं-खाली जो स्टिकर असतो त्यावर आरजी १ का आरजी २ ते बघा आणि इथं सांगा.

शाहूपुरीकर

आरजी २ लिहिलंय, पिवळा त्रिकोण आहे. सेन्सर खरंच बंद होता, चालू केला. धन्यवाद दोघांना.

पेठेतला_फुटबॉलवाला

नाद खुळा माहिती. आमच्या तालमीत मॅचेसला प्रोजेक्टर लावतो आम्ही, सगळी पेठ गोळा होत्या, पोरं पुढं जमिनीवर बसत्यात आणि गोल झाला की उठून झोतात नाचत्यात, पडद्यावर हात दाखवत्यात, तोंड प्रोजेक्टरकडंच असतंय. ह्याचं काय करायचं? आणि मशीन प्लास्टिकच्या खुर्चीवर ठिवतो, वायर लांबनं ओढून आणतो. आधी ध्यानात आलं न्हाई पण आता वाचून वाटायलंय काय तर करावं.

लेन्सवाला_लक्ष्मीपुरी

भावा तुम्ही मशीन वर घ्या. माणसांच्या डोक्यावरनं झोत गेला पाहिजे, म्हणजे नाचायचं तेवढं नाचा. पुढं बसलेल्याचं डोकं आणि लेन्स ह्यात जितकं अंतर जास्त तितकं बरं, कारण लेन्सच्या तोंडाशी उजेड सगळ्यात दाट असतो, लांब गेला की पसरतो. खुर्ची नको, कुणाचा तरी पाय लागणार आणि मशीन लोकांच्या अंगावर. भिंतीला लोखंडी ब्रॅकेट मारा नाहीतर घट्ट स्टँड. पडद्यापुढं दोन-तीन फूट दोरी बांधली तरी पोरं मागं राहतील.

आणि आवाजाचं पण बघा, रात्रीच्या मॅचला १० नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, सकाळी ६ पर्यंत बंदी आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. आत हॉलमध्ये दारं लावून लावा.

वायरमन_कसबाबावडा

लांबनं वायर ओढून आणतो हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितो. मी वायरिंगची कामं करतो, लायसन आहे.

लोकांना वाटतं प्रोजेक्टर म्हणजे लई लोड. तसं नाही. दिव्याचा मोठा प्रोजेक्टर ३०० वॅट धरला तरी २३० व्होल्टला सव्वा-दीड अँपियरच्या आतच काम. सहा अँपियरच्या साध्या पॉइंटला आरामात चालतो. जळतं ते लोडनं नाही, सैल जोडणीनं. स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड, आत पितळी पट्ट्या ढिल्या, पिन हलते, तिथं बारीक ठिणगी पडत राहते आणि तासाभरात प्लास्टिक मऊ होतं. त्यात त्याच बोर्डाला होम थिएटर, सेट टॉप बॉक्स, राऊटर, आणि उन्हाळ्यात कूलर. हात लावून बघा, प्लग कोमट लागला तरी तो बोर्ड बदला.

दुसरं अर्थिंग. तीन पिनी प्लग आहे म्हणजे तिसऱ्या पिनीचं काहीतरी काम आहे. आपल्या जुन्या पेठांतल्या घरात तिसऱ्या भोकाला मागं वायरच जोडलेली नसते, किंवा दोन पिनीचा कन्व्हर्टर लावून तिसरी पिन मोकळी सोडतात. असं केलं की मशीनच्या धातूच्या भागावर, एचडीएमआयच्या टोकावर निम्मं व्होल्टेज तरंगायला लागतं, साधारण शंभर-सव्वाशे व्होल्ट, टेस्टर लावला तर मंद पेटतो, हात लावला तर झिणझिण्या. करंट अगदी थोडा असतो त्यामुळं लोक सोडून देतात, रबराची चप्पल घाला म्हणतात. चप्पल हे उत्तर नव्हे. त्याच झिणझिण्यांनी लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट उडतो, आणि ज्या दिवशी आतला एखादा कॅपॅसिटर शॉर्ट होईल त्या दिवशी पूर्ण २३० येतंय. अर्थिंग करून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट कुठं गळाला की लगेच लाईट तोडणारा स्विच. एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) वायर वाचवते, माणूस वाचवायला आरसीसीबीच लागते. दोन्ही पाहिजेत.

अडॅप्टरवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर त्याला अर्थिंगची गरज नाही, दुहेरी इन्सुलेशन असतं. पण ते खरं असेल तर. वर लेन्सवाल्यांनी सांगितलंय तसा अडॅप्टर असेल तर चौकोन छापून काय उपयोग.

आणखी एक, छताला लावताना. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला स्क्रू मारून टांगलेलं बघितलंय मी. ते पडणारच. वर स्लॅबपर्यंत रॉड न्या, अँकर फास्टनर मारा, आणि एक बारीक स्टीलची वायर वेगळी बांधा म्हणजे ब्रॅकेट सुटला तरी मशीन लटकेल, खाली झोपलेल्यावर येणार नाही.

आणि वळीव. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी ढग गडगडायला लागले की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा, डिशची केबल पण काढा.

आक्का_मंगळवारपेठ

@वायरमन_कसबाबावडा झिणझिण्या आमच्याकडे येतात!! आमचे हे म्हणतात डिशचा प्रॉब्लेम आहे. घर भाड्याचं आहे, मालक अर्थिंग करून देईल असं वाटत नाही. तोवर काय करू? नातू येतो सुट्टीला, अंघोळीहून ओल्या अंगानं येऊन बसतो.

वायरमन_कसबाबावडा

आक्का, आज वापर बंद करा, अगदी खरं सांगतो. उद्या कुणा वायरमनला बोलावून एवढंच बघायला सांगा की मीटरपाशी अर्थ आहे का आणि तुमच्या खोलीतल्या बोर्डापर्यंत तिसरी वायर आलीय का. बऱ्याचदा मीटरला अर्थ असतो आणि खोलीपर्यंत वायर ओढलेली नसते, ते काम छोटं आहे, मालकाला विचारून तुम्हीच करून घेऊ शकता. नळाला वायर बांधून अर्थ काढून देतो म्हणणारा आला तर करू देऊ नका, हल्ली पाईप प्लास्टिकचे असतात आणि नसले तरी शेजारच्या मोरीत शॉक जातो.

तंत्रवेडा_गोकुळशिरगाव

ल्युमेन्सबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझ्या मते ती पण सुरक्षेचीच बाब आहे, कारण जो खोक्यावर खोटं छापतो तो आत पण काटकसर करतो.

साधा हिशोब सांगतो. पांढरा एलईडी एका वॅटला चांगला म्हणजे १३० च्या आसपास ल्युमेन्स देतो. अडॅप्टर ६० वॅटचा असेल आणि समजा सगळीच्या सगळी वीज एलईडीला गेली, पंख्याला नाही, बोर्डाला नाही, तरी ७८०० झाले. वर एलसीडी पॅनेल आणि लेन्समध्ये त्यातला बहुतांश प्रकाश खाल्ला जातो. मग असल्या मशीनच्या खोक्यावर ९००० छापतात ते कुठनं आले? खरा मोजायचा प्रकार म्हणजे पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात आणि क्षेत्रफळानं गुणतात, त्याला एएनएसआय ल्युमेन्स म्हणतात, आयएसओ २१११८ मध्ये पण त्याच धर्तीवर मोजतात. खोक्यावर ह्या दोन्हीपैकी एकाचं नाव नसेल आणि नुसतंच ल्युमेन्स किंवा एलईडी ल्युमेन्स लिहिलं असेल तर तो आकडा नाही असं समजून चाला.

गांधीनगर_होलसेल

सगळे विकणाऱ्यांच्या मागं लागलेत म्हणून लिहितो, राग मानू नका. मी पण विकतो. नोंदणीचा अडॅप्टर दिला की किंमत वाढते आणि गिऱ्हाईक समोर मोबाईल धरतं, हे बघा ऑनलाइन एवढ्याला आहे. मी दोन्ही प्रकार ठेवून बघितले, चांगला पडून राहतो. छोट्या दुकानदारानं काय करायचं? ऑनलाइनवाल्याकडं कोण जात नाही तपासायला आणि आमच्याकडं मात्र येतात.

लेन्सवाला_लक्ष्मीपुरी

तुमचं म्हणणं समजतंय, दुकानदाराची अडचण खरी आहे. पण तुम्ही माल ठेवताना आर नंबर तपासून घेतला आणि गिऱ्हाईकासमोर ॲपमध्ये टाकून दाखवला तर ते ऑनलाइनवाला करू शकत नाही. मी माझ्याकडं येणाऱ्याला असंच दाखवतो आणि लोक ऐकतात, विशेषतः घरात लहान पोर असलं की लगेच ऐकतात. कायद्याचं म्हणाल तर विकणारा सुटत नाही, २०१६ च्या बीआयएस कायद्यात सक्तीचा माल बिननोंदणी विकला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दोन लाख दंड आहे. हे भीती घालायला नाही सांगत. पाचशे रुपये वाचवायला एवढं डोक्यावर घेऊ नका.

वकिली_रमणमळा

ह्यात भर घालते. ऑनलाइनवाल्याला कोणी विचारत नाही हे बरोबर नाही, विचारायला लागतं.

पहिलं म्हणजे खोक्यावर काय पाहिजे ते माहीत करून घ्या. २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम आहेत, त्याप्रमाणे आयात मालावर आयातदाराचं नाव आणि पूर्ण पत्ता, कोणत्या देशात बनला, महिना-वर्ष, सगळे कर धरून एमआरपी, आणि तक्रारीसाठी फोन नंबर-ईमेल असलंच पाहिजे. आयातदाराचा पत्ता नसलेला खोका म्हणजे उद्या काही झालं तर धरायचं कोणाला? तिथंच परत करा. वेबसाइटवर पण मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे.

दुसरं, २०२० चे ई-कॉमर्सचे नियम. प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्यानं ४८ तासात पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल. तुमची तक्रार चॅटवर करू नका, त्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर करा, फोटो लावून. उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि २०१९ च्या कायद्यात सगळ्यात चांगली गोष्ट ही की तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करता येते. विकणारा दिल्लीचा असो की चीनमधल्या शेंझेनचा माल असो, तक्रार कोल्हापुरात. पाच लाखापर्यंतच्या मालाला फी नाही. मुदत दोन वर्षं. खोट्या ल्युमेन्सबद्दलही करता येते, ती दिशाभूल करणारी जाहिरातच आहे.

पण बिल पाहिजे. बिलाशिवाय काहीच नाही. लोक जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतात, आता तर सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा कर २८ वरून १८ टक्के झालाय, तरीही.

दुबईरिटर्न_उजळाईवाडी

माझा प्रोजेक्टर दुबईवरनं आणलेला आहे, तिथल्या कंपनीचा चांगला आहे, बीआयएसचं काही नाही त्यावर. फेकून द्यायचा का मग? वायफाय पण आहे त्यात.

लेन्सवाला_लक्ष्मीपुरी

नाही हो, फेकायचा कशाला. स्वतःच्या वापराला सामानातनं आणलेलं वेगळं, विकायला आणलेलं वेगळं. लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ आहे ना ते बघा. दुबईचा प्लग जाड चौकोनी तीन पिनीचा असतो, त्याला कन्व्हर्टर लावून ठेवू नका, मशीनकडची बाजू काढता येणारी असेल तर नवीन पॉवर कॉर्डच घ्या, आयएस १२९३ चा प्लग असलेली. वायफायचं म्हणाल तर इथं विकायला आणणाऱ्याला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची (रेडिओ लहरींचं काम बघणारी) ईटीए नावाची मंजुरी काढावी लागते. आपल्याकडं २.४ गिगाहर्ट्झचा बँड २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा २०१८ पासून लायसनशिवाय मोकळा आहे, तुमचं मशीन त्यातच चालत असणार.

उलट मला विचारायचंय, दिव्याचा आहे का लेझरचा?

दुबईरिटर्न_उजळाईवाडी

दिव्याचा. तीन हजार तास झालेत, लॅम्प बदला म्हणून लाल खूण येते पण चित्र चांगलं आहे म्हणून तसाच वापरतोय.

लेन्सवाला_लक्ष्मीपुरी

हे मात्र थांबवा. बरं झालं सांगितलंत, ह्याबद्दल लिहायचंच होतं.

प्रोजेक्टरचा दिवा म्हणजे घरातला बल्ब नाही. आत पाऱ्याची वाफ असते आणि चालू असताना त्या बोटाएवढ्या काचेत २०० बारच्या घरात दाब तयार होतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशे पट. काच हजार अंशाच्या आसपास तापते. तास भरत आले की काच पांढुरकी होते, कमजोर होते आणि एक दिवस फुटते, फटाका फुटावा तसा आवाज येतो. मशीन जळत नाही बहुधा, पण काचेचा चुरा आत पसरतो आणि पाऱ्याची वाफ जाळीतनं बाहेर येते. तसं झालं तर सगळ्यांना खोलीबाहेर काढा, प्लग काढा, खिडक्या उघडा, पंखा-एसी लावू नका, अर्धा तास आत जाऊ नका, पोरांना आणि गरोदर बाईला तर नकोच. चुरा जाड पुठ्ठ्यानं गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीनं उचला, झाकणाच्या बरणीत भरा. व्हॅक्यूम क्लीनर आणि झाडू लावायचा नाही, त्यानं पारा घरभर उडतो.

आणि बंद करताना रिमोटनं बंद करा, पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. लाईट सारखी जाते त्या भागात छोटा यूपीएस लावला तर दिवा वाचतो, तापलेला दिवा पंख्याशिवाय तसाच राहणं हे त्याला सगळ्यात वाईट. नवीन लॅम्प घेताना पण संपूर्ण केसिंगसकट घ्या, नुसता बल्ब घेऊन जुन्या केसिंगमध्ये बसवून देणारे आहेत, बोटाचा डाग राहिला काचेवर तरी तिथनं तडकतो.

शाहूपुरीकर

छोट्या बॅटरीवाल्या प्रोजेक्टरबद्दल पण सांगा कोणीतरी. भाचा तो अंथरुणात घेऊन छतावर सिनेमा बघतो.

तंत्रवेडा_गोकुळशिरगाव

गादीवर अजिबात नको. खालची-बाजूची जाळी गादीत बुडते, हवा बंद, आत एलईडी आणि लिथियम बॅटरी शेजारी शेजारी. लिथियम सेलला पण सक्तीची नोंदणी आहे, आयएस १६०४६ शोधा. फुगल्यासारखी वाटली, मशीनचं बूड टेबलावर सपाट बसेना झालं, तर चार्जिंग बंद. लाकडी पाटावर ठेवून बघायला सांगा भाच्याला, आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही. कपाटात कोंडून ठेवलेल्या मोठ्या मशीनचं पण तेच, चारी बाजूनं वीतभर तरी मोकळं पाहिजे आणि जाळीतली धूळ महिन्यातनं एकदा काढायची.

पावसाळ्याचं राहिलंच. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या भिंतींना ओल सुटते, दोन महिने बंद असलेलं मशीन एकदम लावू नका, आधी कोरड्या खोलीत एक दिवस उघडं ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेली मशीनं नुसती वाळवून जुन्या बाजारात विकली गेलीत, सेकंडहँड घेताना खालचे स्क्रू गंजलेत का आणि आत गाळाची रेघ आहे का बघा.

पेठेतला_फुटबॉलवाला

तालमीचा अडॅप्टर तपासला आज. नंबर टाकला तर ॲपमध्ये भलत्याच कंपनीचं नाव आलं, माल पण दुसरा, एलईडी बल्बचा. आता काय करायचं? दुकानातनं घेतलेला हाय, बिल हाय.

लेन्सवाला_लक्ष्मीपुरी

पहिला तो अडॅप्टर वापरातनं काढा. लेबलचा, खोक्याचा, बिलाचा फोटो काढा आणि त्याच बीआयएस केअर ॲपमध्ये तक्रारीचा भाग आहे तिथं टाका, दुकानदाराला पण बिल घेऊन जाऊन भेटा, त्यालाही वरनं फसवलेलं असू शकतं. मशीनवर व्होल्ट आणि अँपियर लिहिलेले असतील तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपियरचा, पिनीची आतली-बाहेरची बाजू (प्लस-मायनस) जुळणारा नोंदणीचा अडॅप्टर घ्यायचा. मशीन घेऊन या लक्ष्मीपुरीत, मी जुळवून देतो, पैसे अडॅप्टरचे तेवढेच.

आक्का_मंगळवारपेठ

वायरमन येऊन गेला. मीटरला अर्थ होता, खोलीत वायरच नव्हती, तुम्ही म्हणालात तसंच. मालकांनी वायरीचे पैसे दिले. आरसीसीबी पण लावून घेतली आमच्या पैशानं. आता टेस्टर पेटत नाही. जुना मोठा प्रोजेक्टर पण आहे यजमानांच्या ऑफिसातला, बंद पडलेला, तो भंगारवाल्याला देऊ का?

लेन्सवाला_लक्ष्मीपुरी

बरं वाटलं आक्का. भंगारवाल्याला देऊ नका, तो दिवा फोडून टाकतो आणि पारा तिथंच मातीत. मशीनवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असेल, ते त्यासाठीच आहे. २०२३ च्या एप्रिलपासून नवीन ई-कचरा नियम लागू आहेत, त्यात जुन्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी कंपनीवर टाकलीय. कंपनीच्या वेबसाइटवर ई-कचऱ्याचं पान असतं, त्यावरच्या नंबरला फोन करा, नोंदणीकृत रीसायकलरचा पत्ता मागा. फोन कोणी उचलला नाही तर मॉडेल नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवा मी काढून खोक्यात बंद करून ठेवतो, असे बरेच साठलेत माझ्याकडं, एकदमच पाठवू.